बर्फातल्या काठ्यांना कुंकू

रोहा, १० एप्रिल १९८९

चि. सौ. लतिका हिस,

आशीर्वाद आधी, मग कामाचं.

तुझं पत्र पोचलं. वर्ग संपले की मे महिन्यात तू हिमनदीवर चढणार हे वाचून रघू इतका खूश झाला की त्याने दोनदा चहा मागितला आणि तिसऱ्यांदा स्वतः केला. कंपनीत जाताना धाटावच्या बसमध्ये शेजारी जो बसेल त्याला तो सांगतो, "आमची मंडळी नॉर्वेत बर्फ मोजते." परवा कुणीतरी त्याला विचारलं म्हणे, तोळ्यावर की किलोवर. तो हसला नाही. त्याने बिचाऱ्याला धाटाव येईपर्यंत सगळं समजावून सांगितलं.

वेगळं पार्सल पाठवलं आहे. पेणचे पापड, पोहे, मेतकूट, आमसुलं. शिवाय कागदाच्या दोन पुड्या आहेत, त्या खायच्या नाहीत. एकीत धावीरमहाराजांचा अंगारा आहे, दुसरीत हळदकुंकू. तू बर्फात काठ्या रोवणार आहेस ना? मग पहिली काठी रोवलीस की तिच्या बुडाशी दोन्ही वाहा. आपल्याकडे नांगर असो की मोटारसायकल, पूजा केल्याशिवाय कुणी हात लावत नाही. परदेशातली काठी झाली म्हणून काय झालं.

आता महत्त्वाचं. तुझ्या माहेरी पेणला ओवसा नाही, म्हणून नीट लिहिते. घरात नवी सून आली की ती गौरीपुढे सुपं घेऊन पहिला ओवसा करते. फळं, भाज्या, पानं, सुपारी, नारळ भरून सुपं गौरीवरून ओवाळायची आणि मग घरच्या मोठ्या बायकांना वाण म्हणून द्यायची. त्यानंतर सून खऱ्या अर्थाने घरची झाली असं मानतात. पण हे कुठल्याही वर्षी चालत नाही. पावसाच्या पूर्वा नक्षत्रात गौरी आल्या तरच पहिला ओवसा होतो. गेल्या वर्षी तुझं लग्न झालं तेव्हा गौरी उत्तरात आल्या. या वर्षी पूर्वात येतायत. यानंतर पंचांगात पाहिलं तर थेट ब्याण्णव साली.

तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस परत येण्याचं जे ठरलंय ते ठरलेलंच राहू दे. सुपं माहेराहून यायची असतात. तुझ्या वडिलांनी पेणच्या बुरुडाला आत्ताच सांगून ठेवलंय. माझ्या मोठ्या जाऊबाई ठमाबाई तर रोज विचारतात. गावच्या घरी गौरी त्यांच्या हातून बसतात, त्यांना उत्तर मला द्यावं लागतं.

गळ्याला उबदार कपडा गुंडाळत जा.

तुझी सासू,
आनंदीबाई

हिमनदीचा तळ, नॉर्वे, ३० मे १९८९

ती. सौ. आईंस नमस्कार,

पार्सल आम्ही वर चढायच्या आदल्या दिवशी मिळालं. पापड भाजले तेव्हा सगळा तंबू गोळा झाला. माझ्याबरोबर काम करणारी सिग्रिड आता न्याहारीलाच पापड मागते. तिला मी सांगितलं, हे माझ्या गावचे. खोटं नाही, पापड पेणचे आणि माहेरही पेणचं.

आमचं काम असं असतं. वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोक पाडायचं आणि त्यात लांब काठी सोडायची. उन्हाळाभर बर्फ वितळतो आणि काठी उघडी पडत जाते. ती किती उघडी पडली ते मोजलं की हिमनदी किती झिजली ते कळतं. खाली दरीत जे पाणी येतं त्याचा हिशोब इथून सुरू होतो. एक रांग सिग्रिडची, एक रांग माझी. माझ्या रांगेतल्या आकड्यांवर माझा प्रबंध उभा राहणार आहे. ते आकडे दुसऱ्या कुणाचे नाहीत, ही गोष्ट मला फार आवडते.

यंत्र जड आहे. पहिल्या दिवशी मला ते उचलता येईना, तर आमच्यातला एकजण मदतीला आला. मी त्याला परत पाठवलं. चौथ्या दिवशी उचललं.

तुम्ही सांगितलंत तशी पहिल्या काठीला पूजा केली. मग पुढच्या काठीशी गेले तेव्हा तिला तसंच ठेवणं बरं वाटेना. हळदीकुंकवाला एकीला बोलावून दुसरीला वगळल्यासारखं झालं असतं. म्हणून रांगेतल्या सगळ्या काठ्यांना लावलं. पुड्या संपल्या. पांढऱ्या बर्फावर लाल ठिपके लांबून दिसत होते. त्या दिवशी मला घर जवळ वाटलं.

गौरीला येतेच. शेवटची मोजणी सप्टेंबरअखेर असते, पण माझ्या रांगेची ती सिग्रिड करणार आहे. आमचे प्राध्यापक हौगेन यांनी मान्य केलंय. ठमाकाकींना सांगा, तिकीट झालं.

आपली,
लतिका

रोहा, २४ जून १९८९

चि. सौ. लतिका,

तुझं पत्र मी गावच्या घरी ओटीवर मोठ्याने वाचलं. मास्तरणीची सवय, जाणार कुठे. ठमाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "काठ्या रोवायला येवढ्या लांब कशाला जावं गो? आपल्या वांग्यांना काठ्या नाय लावत?" मी म्हटलं, त्या काठ्या वेगळ्या. "काठी ती काठी," त्या म्हणाल्या. पण कुंकवाचं ऐकून डोळे पुसले. सगळ्या काठ्यांना लावलंस हे त्यांना विशेष आवडलं. माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही, नाहीतर डोक्यावर बसशील.

सुपं तयार झाली. पेणहून तुझे वडील स्वतः घेऊन आले. वीण इतकी बारीक की तांदूळ पाखडताना कणीसुद्धा निसटणार नाही. ओवशाला कोण कोण बायका येणार ते ठमाबाईंनी तोंडी ठरवून टाकलंय.

रघूला मात्र या वेळीही गणपतीत शिफ्ट लागेल असं दिसतं. गेल्या वर्षी आठवतं ना, आरती झाली, जेवणं झाली आणि हा धाटावला. कुणी विचारलं की ठमाबाई म्हणायच्या, "शिफ्टला हाय तो," की विषय संपला. त्याचं ताट वाढून वर दुसरं ताट झाकून चुलीशी ठेवलेलं असायचं. कंपनी आल्यापासून आपल्याकडे शिफ्टपुढे देवही बोलत नाही.

लावणी सुरू झाली आहे. तू ये.

आनंदीबाई

हिमनदीचा तळ, २२ जुलै १९८९

ती. सौ. आईंस नमस्कार,

वाईट वाटतं पण कळवायला हवं. मला गौरीला येता येणार नाही. इथलं काम सप्टेंबरच्या अखेरपर्यंत वाढलं आहे आणि मी थांबायचं ठरवलं आहे. तिकीट रद्द केलं.

तुम्ही सगळी तयारी केली आहे, ते माहीत आहे. ह्यांनाही वेगळं लिहिते. यापेक्षा जास्त आत्ता लिहवत नाही. क्षमा करा.

लतिका

रोहा, ६ ऑगस्ट १९८९

लतिका,

तुझं पत्र उशिरा मिळालं. जुलैच्या अखेरीस अंबा नदीला पूर आला. नागोठण्याचे हाल विचारू नकोस, पोस्ट काही दिवस बंदच होतं. आपल्या परसातही कुंडलिकेचं पाणी चढलं आणि उतरलं. घर आणि माणसं ठीक आहेत. सुपं माळ्यावर होती म्हणून वाचली.

आता तुझ्या पत्राचं. मी ते ठमाबाईंना वाचून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोर गौरीपेक्षा मोठी झाली काय?" मी तुझी बाजू कशी घेणार? तू मला बोलायला काही दिलंच नाहीस. काम वाढलं, असं लिहिलंस. काम कुणाचं वाढत नाही? पण मेमध्ये प्राध्यापकांनी मान्य केलेली गोष्ट जुलैमध्ये का मोडली, त्याबद्दल एक अक्षर नाही.

रघूला विचारलं. तो म्हणाला, "आई, ती थांबली म्हणजे काहीतरी असेलच." नवरा म्हणून हे उत्तर चांगलं आहे. मला पुरत नाही.

मी सरळ विचारते. तिकडे गेल्यावर तुला हे सगळं खुळचट वाटायला लागलं का? सुपं, नक्षत्र, बायकांपुढे वाकणं? तसं असेल तर तसं लिही. मी रागावेन, पण ऐकेन. शाळेत मी चुकीच्या उत्तरालाही अर्धा मार्क दिलाय. कोऱ्या कागदाला कधी दिला नाही. आणि तुझं मागचं पत्र कोरं होतं.

मला फार लागलं आहे, हे लपवत नाही.

आनंदीबाई

हिमनदीचा तळ, १८ ऑगस्ट १९८९

ती. सौ. आई,

पूर आल्याचं वाचलं आणि तेवढा भाग पुन्हा पुन्हा वाचला. सगळे ठीक आहात, एवढं पुन्हा एकदा लिहा.

तुम्ही म्हणता ते खरं, पत्र कोरं होतं. आता भरून पाठवते.

जुलैच्या पहिल्या मोजणीला मी वर गेले तेव्हा माझ्या रांगेतली प्रत्येक काठी एका खळग्यात उभी होती, उखळात मुसळ उभं असावं तशी. सिग्रिडच्या रांगेत बर्फ सपाट. आकडे काढले तर माझ्या रांगेत बर्फ कितीतरी जास्त वितळलेला. हौगेनसर उत्साहात आले. वारा, उतार, ऊन, काय काय तर्क त्यांनी केले. इथे काही नवीन सापडतंय असं त्यांना वाटायला लागलं. मी एका खळग्याच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला राखाडी गाळ आला आणि त्यात लाल.

पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो. त्यावर राख पडली, रंग पडला, की तेवढ्या जागेत ऊन मुरतं आणि बर्फ लवकर वितळतो. हे मी पहिल्याच परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही घेतले होते. मे महिन्यात त्या काठ्यांपुढे वाकले तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही. तेव्हा मी विद्यार्थिनी नव्हतेच, तुमच्या घरची सून होते.

सरांना सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. पुढच्या पावसात लालही धुऊन गेलं असतं. एक पूर्ण दिवस मी ही गोष्ट मनात ठेवून फिरले. तो दिवस फार वाईट होता. मग सांगितलं. माझ्या आकड्यांची वही मिटत ते म्हणाले, रांग गेली.

दोन वाटा होत्या. सिग्रिडचे आकडे घेऊन प्रबंध लिहायचा आणि ठरल्याप्रमाणे ऑगस्टमध्ये घरी यायचं. किंवा बाजूला स्वच्छ बर्फात नवी भोकं पाडायची, नवा बर्फ पडेपर्यंत मोजत राहायचं, निदान अर्धा उन्हाळा आपला करायचा आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा पूर्ण करायचा. मी दुसरी घेतली. मला कुणी थांबवलं नाही, आई. मीच थांबले. यंत्र आता मी एकटी उचलते.

तुम्हाला लिहिलं नाही, कारण पुड्या तुमच्या होत्या. तुमच्या आशीर्वादाने माझं काम बिघडलं असं तुम्हाला वाटलं असतं आणि ते मला नको होतं. तुम्ही एका काठीचं सांगितलं होतंत. सगळ्यांना लावणारा हात माझा होता.

ओवसा मला खुळचट वाटत नाही. मला तो करायचा आहे. ब्याण्णव साली करीन, जागा ठेवाल तर.

लतिका

रोहा, ११ सप्टेंबर १९८९

चि. सौ. लतिका,

आम्ही सगळे ठीक आहोत. हे घे, दुसऱ्यांदा लिहिलं.

तुझं पत्र गौरी यायच्या आधी हातात पडलं. वाचून मी देवघरात जाऊन बसले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या प्रेमाने बांधलेली पुडी आणि तिने पोरीचा उन्हाळा खाल्ला. मग राग आला, तो तुझा. सासूला हे सोसणार नाही असं तुला वाटलंच कसं? रघू लहानपणी गच्चीवरून पडला तेव्हा त्याचा हात मीच बसवला होता. आणि शेवटी, सरांना जाऊन सांगितलंस तिथे आले, तेव्हा चष्मा पुसावा लागला. पूर्ण मार्क.

पण ठमाबाईंना काय सांगायचं? 'अंगाऱ्याने बर्फ वितळला' असं नुसतं बोलून भागणार नव्हतं. म्हणून रघूला मासळीबाजारात पाठवलं. मैना कोळणीकडून त्याने बर्फाच्या दोन लाद्या गोणपाटात गुंडाळून आणल्या. आणताना अर्धं रोहं विचारत होतं, घरी लग्न आहे का. गावच्या अंगणात दोन पराती मांडल्या. एका लादीवर अंगारा आणि कुंकू भुरभुरवलं, दुसरी तशीच ठेवली. ऊन चांगलं कडक पडलं होतं. ठमाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, पण नजर परातीवर.

त्यांचे तांदूळ निवडून होईपर्यंत अंगाऱ्याच्या लादीला खड्डे पडले होते. दुसरी जवळजवळ होती तशी. मी म्हटलं, "बघितलंत? लतिकाच्या काठ्यांशी हेच झालं."

ठमाबाईंनी परातीला हात जोडले. "देवाचा अंगारा हाय तो, आनंदे. बर्फाचं काय चालनार त्याच्यापुढं?"

मी इरेला पेटले. रघूला पुन्हा पिटाळलं, तिसरी लादी आणवली आणि तिच्यावर चुलीतली काजळी टाकली. ती तर सगळ्यात आधी खचली. आता बोला, म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "चुलीत बी देवच हाय." असं एक मूल प्रत्येक वर्गात असतं. मी पराती उचलल्या.

एवढं झाल्यावर मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पुडी माझी होती, चूक व्हायचं कारण माझ्या घरून गेलं. लतिका ते निस्तरायला थांबली आहे आणि मी तिला थांब म्हणणार आहे. या वर्षी ओवसा नाही. त्या उठल्या. तांदळाचं सूप घेऊन आत गेल्या.

गौरी पूजनाचा दिवस आला. घर बायकांनी भरलेलं. भावकीतल्या केरूची नवी सून ओवसायला उभी राहिली, गोड पोरगी आहे. मग शकू, टोमण्यांत ती नेहमीचीच, सगळ्यांसमोर म्हणाली, "आणि रघूची बायको? पूर्वा सोडून ऱ्हायली कुठं? का बर्फातून यायला वाट नाय?" दोघीतिघी हसल्या. मी सगळं सांगायला तोंड उघडलं. पराती, लाद्या, काजळी, सगळं तयार होतं.

तेवढ्यात गौरीपुढची वात सारता सारता, मागे वळूनही न बघता, ठमाबाई म्हणाल्या, "शिफ्टला हाय ती."

बस, एवढंच. कुणी पुढे काही विचारलं नाही. जसं रघूबद्दल कधी विचारत नाहीत तसं. या घरात एवढे सण झाले, सुनेसाठी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्यासाठीही कुणी म्हटलं नव्हतं. मी तेव्हा सुट्टी टाकायचे.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघर आवरायला गेले. चुलीशी दोन ताटं झाकून ठेवलेली. एक रघूचं. दुसरं उघडून पाहिलं, घावन, घाटलं, अळूची भाजी. मी विचारलं, हे कुणाचं? ठमाबाई माझ्यावरच खेकसल्या, "शिफ्टवाल्याचं ताट झाकून नाय ठेवायचं?"

तुझी सुपं त्यांनी स्वतःच्या हाताने चुलीवरच्या माळ्याला टांगली आहेत. धुरात राहिली की बांबूला कीड लागत नाही. ब्याण्णवपर्यंत काळी होतील, पण टिकतील.

आता तू एक कर. नव्या काठ्या नीट बघ. अर्धा उन्हाळा तर अर्धा, पण तो शेवटपर्यंत तुझा असू दे. आणि पुढच्या मेच्या पार्सलात पुडी शोधू नकोस. अंगारा मी इथे माझ्याच कपाळाला लावीन.

तुझी,
आनंदीबाई

हिमनदीचा तळ, ३० सप्टेंबर १९८९

ती. सौ. आईंस,

तुमचं पत्र मी वर घेऊन गेले होते. शेवटच्या काठीशी बसून वाचलं. सिग्रिडला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. तिला काय सांगणार, कुणीतरी माझं ताट झाकून ठेवलं म्हणून मी रडतेय.

काल सकाळी उठलो तर वर नवा बर्फ पडला होता. म्हणजे उन्हाळा संपला. त्याच्या आदल्याच दिवशी माझी मोजणी पूर्ण झाली होती. नव्या काठ्यांच्या बुडाशी बर्फ सपाट होता, प्रत्येकीच्या. आकडे सिग्रिडच्या रांगेशी जुळले. हौगेनसरांनी ते दोनदा तपासले आणि म्हणाले, अर्धा उन्हाळा पक्का, उरलेला मेपासून. रांग माझीच राहील.

डिसेंबरच्या सुट्टीत घरी येते.

ठमाकाकींना एवढंच सांगा, शिफ्ट सुटली. त्या दिवशीचं ताट कुणी खाल्लं ते मला माहीत आहे, ह्यांनी स्वतःच लिहिलंय. मी आल्यावर नवीन वाढा.

आपली,
लतिका